पुढे ड्रोन, मागे वैमानिक : हवाई लढाईतल्या नव्या जोडीचा आढावा

वाशिम जिल्ह्यात हवाई दलाचा तळ नाही आणि शस्त्रास्त्रांचा कारखानाही नाही. पण कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ज्या दोन दिशांना धावतो, त्या दोन्हीकडे देशाच्या हवाई सज्जतेचे काम चालते. पश्चिमेला नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएलचा कारखाना आहे. मिग-२१ बांधण्यासाठी १९६४ साली तो उभा राहिला, पुढे दोनशेहून अधिक सुखोई-३० तिथे जुळली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने तिथल्या धावपट्टीवरून उड्डाण केले. पूर्वेला नागपूर. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय तिथे आहे, आणि आकाशात घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारे 'नागास्त्र-१' सोलार समूहाच्या तिथल्याच कारखान्यात तयार होते. एका टोकाला वैमानिक बसतो ते विमान, दुसऱ्या टोकाला वैमानिकाशिवाय जाणारे अस्त्र. ही दोन्ही एकाच तुकडीत, एकाच मोहिमेवर, एका वैमानिकाच्या हुकमतीखाली उडवता येतील का, आणि उडवावीत का, यावर जगभरची हवाई दले गेली दहा वर्षे वाद घालत आहेत. त्या वादाचा हा आढावा.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. आपल्या शिवारात फवारणीचे ड्रोन फिरू लागल्यापासून ड्रोन म्हटले की दहा लिटरची टाकी घेऊन सोयाबीनवरून सरकणारे, पाच-दहा मिनिटांत बॅटरी संपणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. इथे चर्चा आहे ती जेट इंजिनाच्या, लढाऊ विमानाच्या वेगाशी जुळवून घेणाऱ्या, रडार, जॅमर किंवा क्षेपणास्त्र वाहणाऱ्या मानवरहित विमानाची. त्याला वैमानिकाची खुर्ची नाही, पण बाकी ते विमानच आहे. आणि तो 'विमानपणा' किती ठेवायचा, यावरच सगळा वाद फिरतो, असे मला वाटते.

कल्पना कुठून आली

वैमानिक असलेल्या विमानातून वैमानिक नसलेले विमान चालवायचे ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाइतकी जुनी आहे. १९४४ साली अमेरिकेने स्फोटकांनी ठासून भरलेली जुनी बॉम्बफेकी विमाने फ्रान्समधल्या जर्मन ठाण्यांवर सोडून पाहिली. विमान वर नेईपर्यंत आत दोन माणसे असायची. मग सोबतच्या विमानाकडे रेडिओने ताबा देऊन त्यांनी हवाई छत्रीने उडी घ्यायची, अशी योजना होती. १२ ऑगस्ट १९४४ रोजी त्यातले एक विमान आतल्या माणसांनी उडी घेण्याआधीच हवेत फुटले आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचे थोरले बंधू त्यात गेले. तंत्र कच्चे होते, पण मागणी तीच होती, जी आज आहे: जिथून माणूस परत येण्याची शाश्वती नाही, तिथे यंत्र पाठवा आणि माणसाला मागे ठेवा.

या मागणीला पहिले ठळक यश मिळाले ते जून १९८२ मध्ये, लेबनॉनच्या बेका खोऱ्यात. इस्रायलने आधी फसवी मानवरहित विमाने पुढे पाठवली. खरीच विमाने आली असे समजून सीरियाच्या क्षेपणास्त्र तुकड्यांनी रडार सुरू केली, त्यांच्या जागा उघड झाल्या, आणि मागून आलेल्या वैमानिकांनी त्यातल्या बहुतेक उद्ध्वस्त केल्या. इथे ड्रोनने लढाई केली नाही. शत्रूला बोलते केले, एवढेच. आजच्या गदारोळात हे विसरले जाते की मानवरहित विमानाने हवाई लढाईला दिलेली सर्वांत मोठी मदत बुद्धीची नव्हती, मार खाण्याच्या तयारीची होती.

मग गेल्या दहा वर्षांत हा विषय एवढा का पेटला? एक कारण अंतराचे. हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे आणि जमिनीवरची विमानवेधी यंत्रणा इतक्या लांबून मारू लागली आहेत की पुढे जाणे हेच धोक्याचे झाले आहे. मे २०२५ च्या 'ऑपरेशन सिंदूर'मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोन्ही बाजूंची विमाने बहुतांशी आपापल्या हद्दीत राहून लढली. चिनी बनावटीच्या पीएल-१५ क्षेपणास्त्राचे अवशेष पंजाबात सापडले. आपण सुमारे ३०० किलोमीटरवरचे एक मोठे पाकिस्तानी विमान पाडल्याचे हवाई दलप्रमुखांनी ऑगस्टमध्ये सांगितले. आणि आपलीही विमाने पडली हे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी आकडा न देता मान्य केले. दुसरे कारण संख्येचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले आणि भारताच्या लढाऊ स्क्वाड्रन मंजूर ४२ च्या तुलनेत २९ वर आल्या. विमान महाग, वैमानिक घडायला वर्षे लागतात, आणि शत्रूकडची संख्या वाढते आहे. भारताचीच नव्हे, अमेरिकेचीही तक्रार हीच आहे, फक्त आकडे वेगळे.

आज कोण कुठे पोहोचले

सर्वांत पुढे अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया आहेत. अमेरिकी हवाई दलाने मार्च २०२३ मध्ये नियोजनासाठी १,००० सहकारी ड्रोनचा आकडा मांडला: ५०० प्रगत लढाऊ विमाने, प्रत्येकामागे दोन. पहिल्या टप्प्यासाठी दोन नमुने निवडले गेले. जनरल अॅटॉमिक्सचे वायएफक्यू-४२ए २७ ऑगस्ट २०२५ रोजी आणि अँड्युरिलचे वायएफक्यू-४४ए ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रथम उडाले. ऑस्ट्रेलियात बोइंगने बांधलेले 'घोस्ट बॅट' फेब्रुवारी २०२१ मध्येच उडाले होते. डिसेंबर २०२५ च्या चाचणीत त्याने क्षेपणास्त्र डागून हवेतले लक्ष्य पाडले, आणि त्या मोहिमेत हवाई टेहळणीचे ई-७ आणि एक लढाऊ विमान अशी वैमानिक असलेली दोन विमाने सोबत होती. तुर्कस्तानच्या 'किझिलेल्मा'ने त्याच सुमारास तशीच चाचणी जाहीर केली. चीनने आपले नमुने प्रदर्शनांतून आणि सप्टेंबर २०२५ च्या बीजिंग संचलनातून दाखवले आहेत. जे-२० या विमानाची दोन आसनी आवृत्तीही त्याने आणली असून मागच्या आसनावरचा माणूस ड्रोन हाताळण्यासाठीच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. फ्रान्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये राफेलच्या पुढच्या एफ-५ श्रेणीसोबत मानवरहित लढाऊ विमान बांधण्याचे जाहीर केले. भारताकडे ३६ राफेल असल्याने ही बातमी आपल्याही कामाची.

फसलेली उदाहरणे मात्र जास्त शिकवतात. ब्रिटनने 'मॉस्किटो' नावाच्या सोबती विमानाचे काम बेलफास्टमधल्या कारखान्याला दिले आणि जून २०२२ मध्ये ते गुंडाळले. याहून लहान आणि स्वस्त पर्यायांतून जास्त लाभ मिळेल असे कारण दिले. त्यानंतर मे २०२५ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने 'स्टॉर्मश्राउड' सेवेत घेतले. हे पंख्याच्या इंजिनावर चालणारे लहान ड्रोन शत्रूच्या रडारला चकवण्याचे काम करते. ते टायफून या लढाऊ विमानाच्या बरोबरीने उडत नाही, त्याच्याआधी जाऊन वाट मोकळी करते. रशियाचे 'ओखोत्निक' दुसऱ्या टोकाला आहे: वीसेक टनांचे, लढाऊ विमानाएवढे धूड. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी युक्रेनच्या पूर्व भागात ते रशियाच्याच लढाऊ विमानाने पाडले. रशियाने अधिकृत खुलासा दिला नाही. जमिनीशी संपर्क तुटून ते हाताबाहेर गेले आणि शत्रूच्या हाती पडू नये म्हणून पाडावे लागले, हा अभ्यासकांचा अंदाज आहे. अवशेष पडले ते युक्रेनच्या ताब्यातल्या भागातच.

भारताचा प्रकल्प 'कॅट्स' या नावाने ओळखला जातो. एचएएलने तो फेब्रुवारी २०२१ च्या 'एरो इंडिया'त मांडला. दोन आसनी तेजसमधून सूत्रे हलवायची; सोबत 'वॉरियर' हे मानवरहित विमान; शिवाय विमानाखालून सुटणारे 'हंटर', लहान ड्रोनचा थवा सोडणारे 'अल्फा' आणि खूप उंचीवर दीर्घकाळ राहणारे 'इन्फिनिटी', असे ते कुटुंब आहे. वॉरियरच्या पूर्णाकृती नमुन्याचे इंजिन जानेवारी २०२५ मध्ये जमिनीवर चालवून पाहिले गेले आणि पुढच्याच महिन्यात तो बंगळुरूच्या प्रदर्शनात ठेवला गेला. २०२५ अखेरपर्यंत तो उडाला नव्हता. डीआरडीओचा 'घातक' हा वेगळा, मोठा आणि रडारला सहज न दिसणारा प्रकल्प आहे. त्याच्या छोट्या चाचणी विमानाने १ जुलै २०२२ रोजी चित्रदुर्गला पहिले उड्डाण केले. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बी ड्रोनसाठी अमेरिकेशी झालेला सुमारे ३२,००० कोटींचा करार या चर्चेत आणू नये. ते टेहळणीचे संथ विमान आहे, लढाऊ विमानाचा जोडीदार नव्हे.

वादाच्या बाजू

समर्थकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत मांडायचे तर असे. आजच्या लढाईत जो आधी रडार सुरू करतो तो आधी दिसतो. तेव्हा वैमानिकाने रडार बंद ठेवून मागे राहावे. दोन ड्रोन पुढे जावेत, त्यातल्या एकाने रडार सुरू करून शत्रू हेरावा, दुसऱ्याने क्षेपणास्त्र डागावे, आणि शत्रूचे उत्तर आले तर ते ड्रोनवर यावे. वैमानिकाने फक्त कोणावर आणि केव्हा हे ठरवावे. चार वैमानिकांच्या तुकडीऐवजी दोन वैमानिक आणि चार ड्रोन गेले, तर क्षेपणास्त्रे वाढतात, शत्रूला झेलायची लक्ष्ये वाढतात आणि पणाला लागलेली माणसे निम्मी होतात. आकाशातली ही मांडणी तर्काला धरून आहे, आणि बेका खोऱ्याचा अनुभव तिच्या बाजूने आहे.

दुसरी बाजू विचारते की मग मागचा माणूस तरी कशाला? ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या संशोधन संस्थेने भरवलेल्या आभासी झुंजीत संगणकाने अनुभवी एफ-१६ वैमानिकाला ५-० ने हरवले. २०२३ मध्ये बदल केलेले खरे एफ-१६ संगणकाच्या ताब्यात देऊन माणूस चालवत असलेल्या विमानाशी झुंजवले गेले, आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन हवाई दल सचिव फ्रँक केंडल स्वतः त्या विमानात बसून उडाले. तेव्हा ही जोडी म्हणजे थोड्या दिवसांची तडजोड आहे, असे या पक्षाला वाटते. पण पुरावा जरा जवळून पाहिला तर इतके दूर जाता येत नाही. २०२० च्या झुंजीत संगणकाला प्रतिस्पर्ध्याची जागा, वेग, दिशा सगळे अचूक पुरवले होते. ढग, जॅमिंग किंवा चुकीचे रडार-चित्र नव्हते. शिवाय तो जिंकला तो समोरासमोर येऊन तोफ डागण्याच्या डावांवर, जे सरावात वैमानिकांना सुरक्षेसाठी वर्ज्य असतात. खऱ्या विमानातल्या प्रयोगांत सुरक्षेसाठी वैमानिक आत बसलेलेच होते. संगणक विमान उडवू शकतो, चांगले उडवू शकतो, हे सिद्ध झाले आहे. काय चालले आहे ते त्याला कळते, हे नाही.

तिसरा पक्ष कॉकपिटमधून बोलतो. एकट्या वैमानिकाने स्वतःचे विमान सांभाळायचे, धोक्याच्या सूचना ऐकायच्या, इंधनाचा हिशेब ठेवायचा आणि वर दोन-तीन ड्रोनना कामे नेमून द्यायची, हे जमेल का? याला दिले जाणारे उत्तर असे की ड्रोन हाताने चालवायचाच नाही. 'त्या भागावर लक्ष ठेव', 'माझ्या डाव्या बाजूला राहा' असे काम सांगायचे, उड्डाण त्याचे तो बघेल. उत्तर बरोबर आहे, पण त्यात एक अट लपलेली आहे: ड्रोन जितका स्वतंत्र, तितका तो महाग आणि तितका त्याचा भरवसा पटवून देणे अवघड. दोन आसनी विमान हा मधला मार्ग ठरतो. भारताच्या दृष्टीने ही पथ्यावर पडणारी गोष्ट आहे, कारण आपल्याकडची सुमारे २६० सुखोई-३० एमकेआय सगळी दोन आसनी आहेत. २००२ साली पुण्याच्या लोहगाव तळावर ती प्रथम दाखल झाली, ओझरला बहुतेक बांधली गेली, आणि त्यांच्या आधुनिकीकरणाला संरक्षण खरेदी परिषदेने २०२३ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आहे. आराखड्यात सूत्रधार म्हणून तेजस पुढे केले असले, तरी मागची खुर्ची सुखोईत आधीपासून भरलेली आहे. तिचा विचार आधी व्हायला हवा.

चौथा पक्ष युक्रेनकडे बोट दाखवतो: काही हजार रुपयांचे ड्रोन रणगाडे फोडत असताना जेटचा सोबती कशाला? पाकिस्ताननेही ८ आणि ९ मे २०२५ च्या मधल्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे आपल्या सरकारने सांगितले. हा आक्षेप वजनदार आहे, पण तो दुसऱ्या लढाईचा आहे. त्या रात्रीचे बहुतेक ड्रोन जमिनीवरच्या तोफांनी आणि क्षेपणास्त्रांनी हाताळले. ताशी नऊशे किलोमीटरने जाणाऱ्या, शंभर-दोनशे किलोमीटरवरून मारा करणाऱ्या विमानाला रोखायला हातातून सोडायचा ड्रोन पोहोचतच नाही. तरी हा आक्षेप एक गोष्ट बरोबर हेरतो. स्वस्ताई हाच ड्रोनचा मूळ गुण आहे, आणि तो गमावला की बाकी फारसे उरत नाही.

किंमत आणि कामगिरी यांची ओढाताण

या सगळ्या बाजू एकत्र ठेवल्या की मला एक सूत्र दिसते, आणि ते कॉकपिटपेक्षा कारखान्यात जास्त आहे. जोडीची सारी मांडणी 'गेला तर जाऊ द्या' या वाक्यावर उभी आहे. ड्रोन पुढे जाणार, रडार सुरू करणार, अंगावर क्षेपणास्त्र घेणार, हे तेव्हाच खरे जेव्हा तो गमावणे परवडते. पण त्याला लढाऊ विमानासोबत टिकायचे तर वेग हवा, वेगासाठी मोठे इंजिन, त्यासाठी जास्त इंधन, म्हणून मोठा सांगाडा. शत्रूला दिसू नये म्हणून विशेष आकार आणि लेप. आत रडार, जॅमरला दाद न देणारा संपर्क, शस्त्रकप्पा, धावपट्टीवर उतरायला चाके. प्रत्येक भर एकेकटी योग्य असते. सगळ्या मिळून ड्रोनला विमान करून टाकतात, आणि मग तो पुढे पाठवायला हात धजत नाही. जून २०१९ मध्ये इराणने अमेरिकेचे टेहळणीचे एक मोठे मानवरहित विमान पाडले. त्याची किंमत दहा कोटी डॉलरहून अधिक होती. माणूस गेला नाही, पण 'जाऊ द्या' असेही कोणी म्हटले नाही. दोन देश युद्धाच्या तोंडाशी आले.

आकडे मांडून पाहू. अमेरिकेने सहकारी ड्रोनसाठी प्रगत लढाऊ विमानाच्या किमतीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे अडीच-तीन कोटी डॉलर, असा अंदाज धरला होता. आपल्या चलनात हे साधारण २१० ते २५० कोटी रुपये होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने ९७ तेजस मार्क-१ए साठी ६२,३७० कोटींचा करार केला. सुटे भाग आणि इतर सामग्री धरून एका विमानामागे सुमारे ६४० कोटी पडतात. डिसेंबर २०२४ मध्ये ओझरला दिलेल्या १२ सुखोईंच्या १३,५०० कोटींच्या मागणीत एकाला ११०० कोटींच्या वर. अमेरिकी भावाने ड्रोन बांधला तर तीन ड्रोन गमावणे म्हणजे एक तेजस गमावणे. वैमानिक वाचतो, आणि ती मोठीच गोष्ट आहे. पण आपल्यासारख्या देशाला पहिल्याच आठवड्यात पन्नास ड्रोन गमावणे परवडणार नाही. म्हणजे अमेरिकेचा आराखडा तसाच उचलून भागत नाही. ब्रिटनने मॉस्किटो सोडून स्टॉर्मश्राउड धरला, त्यामागे हीच बेरीज होती.

यावर आक्षेप असा येईल की स्वस्त आणि मंद ड्रोन हवाई लढाईत निरुपयोगी ठरतील आणि शत्रू त्यांना बाजूला सारून खऱ्या विमानाकडे जाईल. अंशतः खरे आहे. क्षेपणास्त्र डागणारा सोबती हवा असेल तर जेट इंजिन टाळता येत नाही. पण शत्रूचे रडार आंधळे करणे, खोटी लक्ष्ये उभी करणे, आधी जाऊन पाहणे, ही कामे एकाच महागड्या यंत्रात कोंबण्याऐवजी तीन वेगळ्या, साध्या यंत्रांत वाटता येतात. कॅट्सच्या आराखड्यात वॉरियरच्या जोडीला हंटर आणि अल्फा आहेत, ते नेमके यासाठी. दुर्दैवाने प्रदर्शनात गर्दी वॉरियरभोवती होते, कारण तो विमानासारखा दिसतो. वॉरियर परत येऊ शकतो किंवा गरज पडली तर लक्ष्यावर जाऊन आदळू शकतो, असे एचएएलने सांगितले आहे. ही लवचिकता कागदावर आकर्षक आहे. प्रत्यक्षात परत येणाऱ्या यंत्राला चाके, राखीव इंधन आणि देखभाल लागते, आणि आदळणाऱ्याला यातले काहीच लागत नाही. एकाच सांगाड्यात दोन्ही ठेवले की आदळतानाही चाकांचे पैसे मोजावे लागतात.

भारताची अडचण: इंजिन आणि रांग

इथे एक छोटे यंत्र जवळून पाहण्यासारखे आहे. वॉरियरच्या नमुन्यात बसवलेले पीटीएई-७ हे एचएएलनेच घडवलेले लहान जेट इंजिन आहे. सुमारे ३८० किलोचा रेटा देणारे हे इंजिन मुळात 'लक्ष्य' या सरावाच्या लक्ष्य-विमानासाठी बनले. ते विमान रॉकेटच्या धक्क्याने सुटते, तोफखान्याचा आणि क्षेपणास्त्रांचा नेम तपासून देते आणि हवाई छत्रीने खाली येते. अशा कामासाठी थोडे आयुष्य पुरते. सोबती विमानाला जास्त रेटा आणि वारंवार उड्डाणे झेलणारे इंजिन लागेल, आणि तिथेच भारताचे जुने दुखणे समोर येते. तेजससाठी कावेरी हे देशी इंजिन वेळेवर झाले नाही म्हणून अमेरिकी एफ-४०४ घ्यावे लागले. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांतले पहिले मार्च २०२५ मध्ये हाती आले आणि मार्क-१ए च्या पुरवठ्याचे वेळापत्रक कोलमडले. घातकसाठी कावेरीचीच ज्वलनवर्धक नसलेली आवृत्ती ठेवली आहे. एचएएलचे २५ किलोन्यूटनचे वेगळे इंजिन विकासात आहे. सोबती ड्रोनचे इंजिनही बाहेरून आणायचे ठरले, तर संख्येची टंचाई भरून काढायला आणलेले यंत्र स्वतःच टंचाईच्या रांगेत उभे राहील.

रांग कारखान्यातही आहे. ओझरच्या नव्या तेजस मार्गिकेची क्षमता वर्षाला आठ विमाने; बंगळुरूच्या दोन मिळून एकूण २४. सुखोईची दुरुस्ती, हवाई दलाचा स्वतःचा दुरुस्ती डेपो, आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाचीही मार्गिका तिथेच आहे. शेकड्याने लागणारे सोबती ड्रोन विमान बांधणीच्या पद्धतीने, एकेक रिव्हेट मोजत, बांधले गेले तर कितीही मान्यता मिळाल्या तरी संख्या जमणार नाही. खासगी कारखान्यांचा वेग इथे कामाचा. नागपूरच्या सोलार समूहाने ४८० नागास्त्रांच्या मागणीतली पहिली १२० जून २०२४ मध्ये लष्कराला दिली. ३० मार्च २०२५ रोजी पंतप्रधानांनी त्याच आवारात मानवरहित विमानांसाठी १,२५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद धावपट्टी खुली केली. अर्थात पाठीवर नेण्याजोगे नागास्त्र आणि जेट सोबती यांत फार अंतर आहे, आणि एक जमले म्हणून दुसरे जमेल असे नाही. पण स्फोटकाग्र, छोटी धावपट्टी आणि शेकड्याने उत्पादनाची सवय या गोष्टी विदर्भात आहेत. विमान जुळवण्याचा साठ वर्षांचा हात ओझरला आहे. सुट्या भागांचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखा. २०२५ च्या सुरुवातीला चिनी भागांच्या संशयावरून लष्कराने ४०० ड्रोनचे करार रद्द केल्याच्या बातम्या आल्या होत्या. शत्रूच्या चिपवर चालणारा सोबती विश्वासाचा राहत नाही.

भूगोलाचाही एक मुद्दा आहे, जो परदेशी लेखांत सापडणार नाही. लेहची धावपट्टी दहा हजार फुटांहून उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत इंजिनाचा रेटा आणि पंखांचा आधार दोन्ही घटतात. मोठ्या विमानांनाही भार कमी करून उडावे लागते. मग ड्रोन मैदानातून उडवून पर्वतापलीकडे न्यायचा, वाहतूक विमानातून सोडायचा, की लढाऊ विमानाच्या पोटाखाली टांगून न्यायचा? प्रत्येक उत्तर वेगळे यंत्र मागते, आणि हवाई दलाने यातले कोणते निवडले हे जाहीर झालेले नाही.

जे सुटलेले नाही

संपर्काचा प्रश्न सर्वांत आधीचा. जॅमिंगखाली ड्रोन आणि वैमानिक यांच्यातला दुवा तुटला तर ड्रोनने काय करावे: परत फिरावे, दिलेले काम पुरे करावे, की स्वतःला नष्ट करावे? ओखोत्निकच्या प्रसंगात तिसरे काम दुसऱ्या विमानाला करावे लागले. दुवा तुटल्यावर स्वतः निर्णय घेण्याची मुभा दिली तर लढाई चालू राहते, पण मग कोणावर मारा करायचा हे यंत्र ठरवते.

आणि ओळख पटवणे हे आकाशात वाटते तितके सोपे नाही. आकाशात नागरिक कमी, म्हणून तिथे यंत्राला मोकळीक द्यायला हरकत नाही, असा एक युक्तिवाद केला जातो. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनगरजवळ बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. त्या सहांपैकी एक अधिकारी नाशिकचे होते. ही मोठी चूक होती, हे त्याच वर्षी नव्या हवाई दलप्रमुखांनी कबूल केले. निर्णय माणसांनी घेतला होता. यातून दोन उलट निष्कर्ष काढले जातात, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत: माणूस गोंधळतो म्हणून यंत्र हवे, आणि माणूसही गोंधळतो तिथे यंत्रावर सोडू नये. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण त्या चुकीनंतर चौकशी झाली आणि जबाबदारी नेमता आली. ड्रोनच्या बाबतीत ती कोणावर पडेल, गोळी सोडण्याची परवानगी देणाऱ्या वैमानिकावर, मोहीम आखणाऱ्यावर की आज्ञावली लिहिणाऱ्या कंपनीवर, याचे उत्तर कोणत्याच देशाच्या सेवानियमांत स्पष्ट नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर गोष्टी हळू चालल्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वयंचलित घातक शस्त्रांबद्दलचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विरोधातल्या चारांत भारत होता, रशिया, बेलारूस आणि माली यांच्यासह. भारताची भूमिका अशी की या चर्चेसाठी जिनिव्हातला पारंपरिक शस्त्रांच्या कराराचा मंच आहेच. २०१७-१८ मध्ये तिथल्या तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद भारतीय राजदूतांकडे होते. घाईने बंधनकारक नियम नकोत, असे भारत म्हणतो. टीकाकारांना ही पळवाट वाटते. समर्थक म्हणतात की शेजारी ज्या यंत्रांची संचलने काढत आहेत ती आपण आधीच कायद्याने बांधून घेऊ नयेत. दोन्ही बाजू गृहीत धरतात की यंत्र तयार आहे. भारतापुरते तरी ते अजून जमिनीवर आहे: इंजिन कोणते, मार्गिका ओझरला की नव्या जागी, सूत्रधार तेजस की सुखोई, आणि एका ड्रोनला जास्तीत जास्त किती रुपये मोजायचे ही मर्यादा, यांपैकी एकावरही सरकारचा अंतिम निर्णय जाहीर झालेला नाही. शेवटची मर्यादा आधी ठरली, तर बाकीच्या तिन्हींची उत्तरे बरीच आवळली जातील.